रशीदभाईंचा डावा डोळा

हिवरखेडला मला सगळे ‘डाक्टर’ म्हणायचे. मी डॉक्टर नव्हतो. फार्मसीचा डिप्लोमा करून गावात मेडिकल टाकलेला माणूस. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, “बाप्पा, मी डाक्टर नाई, औषधं विकतो फक्त.” त्यावर समोरचा म्हणायचा, “हाव, तेच ते. पोट दुखून राहिलं, काहीतरी द्या.” पुढे मी दुरुस्ती करणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर ती हाक आवडायला लागली होती.

आता दुकान दुसऱ्याला देऊन चार वर्षं झाली. मुलाकडे अमरावतीला, राजापेठेत राहतो. या अंकाच्या संपादकांचा फोन आला, काउंटरमागच्या गमतीजमती लिहा म्हणाले. गमती पुष्कळ आहेत. एकदा एक जण बैलाच्या डोळ्यासाठी ड्रॉप मागायला आला. मी म्हटलं, हा माणसांचा आहे, जनावरांच्या दवाखान्यात जा. तर तो म्हणाला, “द्या ना माणसाचा. बैल काय सांगते काय कोणाले?” एक म्हातारे गृहस्थ डोळ्याची एकच बाटली दोन वर्षं देव्हाऱ्यात ठेवून वापरत होते. तिथे ठेवली की खराब होत नाही, असा त्यांचा हिशोब. डोळ्याची बाटली एकदा उघडली की महिन्याभरात फेकायची असते, हे त्यांना पटवताना माझी एक सकाळ गेली. आणि गावात डोळे आले की एका एका घरातली सगळी माणसं बाजेवर ओळीनं आडवी व्हायची आणि एकच बाटली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची. बाटलीचं टोक प्रत्येकाच्या पापणीला लागायचं. ज्याचे आले नव्हते त्याचेही दुसऱ्या दिवशी यायचे.

तेव्हा गमती आहेत. पण डोळ्याचा विषय निघाला की मी शेवटी एकाच माणसापाशी येऊन थांबतो, म्हणून त्याच्याबद्दलच लिहितो.

त्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. डोळा खुपतो, चुरचुरतो, लाल होतो, याला कारणं शंभर असतात आणि काउंटरवर मागणी एकच असते: “डोयाचा ड्रॉप द्या.” धूळ, जागरण, मोबाईल, उन्हाची झळ यांनी चुरचुरणारा डोळा गार पाण्यानं आणि विश्रांतीनं बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पण लालीच्या मागे दुसरंही काही असू शकतं, आणि ते बाहेरून सारखंच दिसतं. आमच्या फडताळात एक ड्रॉप असायचा, त्यात स्टेरॉइड. टाकला की लाली भराभर उतरते, गिऱ्हाईक खूश. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचा नाही असा नियम आहे. नियम मला पाठ होता. मी तो ड्रॉप चिठ्ठीशिवाय देत होतो. सगळेच देतात, असं स्वतःला सांगत होतो.

माझ्याकडून चांगलं काही घडलंच नाही असं नाही. एका दिवाळीच्या आधी पंचफुलाबाई नावाची शेजारच्या गल्लीतली बाई डोळ्याला पदर दाबून धावत आली. भिंतीला चुना मारताना बादलीतला चुना डोळ्यात उडाला होता. मी औषधाला हात लावला नाही. तिला ओट्यावरच्या नळाखाली बसवलं, पापणी दोन बोटांनी उघडी धरली आणि अर्धा तास पाणी सोडलं. माझी बायको तांब्यानं वरून आणखी ओतत होती. पंचफुलाबाई ओरडत होती, “पानी तं माह्या घरी बी होतं! मले औषध द्या ना!” रस्त्यावर माणसं जमली आणि हसायला लागली. मग ओल्या लुगड्यानिशी तिला जीपमध्ये बसवून अकोटला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिचा डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, पाण्यानं वाचला, थोडा उशीर झाला असता तर चुन्यानं बुबुळ जाळलं असतं. ती पुढे कित्येक वर्षं गावाला सांगत फिरली, “डाक्टरनं माहा डोया वाचोला अन् औषध एक थेंब नाई देलं.” 

मला काय करायचं ते कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये, म्हणून हे सांगितलं.

रशीदभाईंचं गादीचं दुकान माझ्या मेडिकलपासून सहा दुकानं सोडून होतं. बाप-आजापासूनचा धंदा. पुढच्या खोलीत रुई पिंजायचं यंत्र, मागे गाद्या भरायची मोकळी जागा, तिच्यामागे घर. रशीदभाई यंत्र चालवायचे, खोळीत रुई भरायचे आणि दाभणानं टाके घालायचे. त्यांचे टाके असे एका रेषेत पडायचे की लोक गादी उलटी करून बघायचे. त्यांची बायको झुबेदाभाभी खोळी शिवायच्या. मूलबाळ नव्हतं. दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत काम करायचे, म्हणजे भाभी बोलायच्या आणि रशीदभाई “हाव, हाव” करायचे. भाभींच्या तोंडाचा पट्टा माझ्या दुकानात ऐकू यायचा. 

रुईचा भुगा दिवसभर उडायचा, त्यामुळे लग्नसराईत रशीदभाईंचे डोळे दरवर्षी चुरचुरायचे. ते यायचे आणि म्हणायचे, “मधुभाऊ, आपला नेहमीचा.” मी तोच स्टेरॉइडचा ड्रॉप काढून द्यायचो. दोन दिवसांत बरं वाटायचं. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि आमच्या दोघांच्याही ते अंगवळणी पडलं होतं.

त्या वर्षी एका शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नातल्या गाद्यांसाठी घरचा कापूस आणून दिला होता. त्यात काडीकचरा बराच होता. पिंजताना पऱ्हाटीच्या बोंडाचा वाळका तुकडा यंत्रातून उडाला आणि रशीदभाईंच्या डाव्या डोळ्यात गेला. त्यांनी तो पदराच्या टोकानं भाभींकडून काढून घेतला आणि काम पुढे चालू ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले. डोळा लाल, पाणी गळत होतं. बाजाराचा दिवस होता, काउंटरवर सात-आठ माणसं उभी होती.

“मधुभाऊ, काडी उडाली डोयात. निघाली, पन खुपून राहिलं.”

“निघाली ना?” मी विचारलं.

“हाव.”

“मंग झालं. नेहमीचाच देतो. दिवसातून चार खेप टाका.”

एवढंच आमचं बोलणं. मी त्यांना उजेडात नेलं नाही, पापणी उघडून पाहिली नाही. झाडाची काडी, धानाचं तूस, पानाची धार बुबुळाला लागली की तिथे ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरू शकते. हे मी डिप्लोमाला शिकलो होतो. शेतीच्या गावात डोळे जातात ते बरेचदा असेच. आणि अशा डोळ्यात स्टेरॉइड टाकलं की सूज उतरते, लाली उतरते, दुखणं कमी होतं, पण शरीर बुरशीला ज्या ताकदीनं अडवत असतं ती ताकदही कमी होते. वरून डोळा बरा दिसतो आणि आत बुरशी पसरत जाते.

तिसऱ्या दिवशी रशीदभाई रस्त्यावरूनच हात उंचावून म्हणाले, “एक नंबर! तुमच्या हाताले गुन हाय.” मी हसलो. 

सातव्या दिवशी ते परत आले. डोळा अर्धवट मिटलेला, वर हाताचा आडोसा धरलेला. म्हणाले, “लाली नाई आता, पन धुकं दिसून राहिलं. अन् उजेड सहन होत नाई.”

मी त्यांना त्याच ड्रॉपची दुसरी बाटली दिली.

हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. पहिली बाटली घाईत दिली असं म्हणता येईल. दुसरी दिली तेव्हा दुकानात कुणीच नव्हतं. नजर धुरकट होणं, उजेड खुपणं, हे ऐकल्यावर कुठल्याही औषधवाल्यानं हात मागे घ्यायला हवा. मी म्हटलं, “एवढ्या लवकर सोडाचं नसते. अजून चार दिवस टाका.” माझ्या तोंडून ते अगदी डॉक्टरसारखं निघालं.

दहाव्या दिवशी भाभीच त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. बुबुळावर पांढरा ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी तो पाहिला. दुकानाचं शटर ओढलं आणि अकोट मार्गे जाणाऱ्या अकोल्याच्या बसमध्ये त्यांना घेऊन बसलो. भाभी म्हणाल्या, “मधुभाऊ धंदा सोडून आले, पहा. सख्खा भाऊ येत नाई असा.” 

अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टर बाई होत्या. वयानं तरुण, बोलायला कडक. भाभी बाहेर बाकावर बसल्या, मी रशीदभाईंबरोबर आत गेलो. बाईंनी यंत्रातून डोळा पाहिला, व्रणावरून थोडं खरवडून काचेवर घेतलं आणि शेजारच्या खोलीत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता.

“बुरशी आहे. खोल गेली आहे. काय लागलं होतं?”

“काडी,” रशीदभाई म्हणाले.

“त्याच दिवशी का नाही आलात? आणि डोळ्यात काय टाकत होतात?”

रशीदभाईंनी खिशातून बाटली काढून दिली. बाईंनी नाव वाचलं आणि टेबलावर आपटली.

“हे कुणी दिलं?”

मी रशीदभाईंच्या मागे दोन पावलांवर उभा होतो. माझ्या हातात त्यांचा केसपेपर होता. 

“सांगा ना, कुणी दिलं? हे टाकलं नसतं तर डोळा वाचायची आशा होती. ज्यानं दिलं त्यानं तुमचा डोळा घालवला.”

“घरात पडली होती, बाई,” रशीदभाई म्हणाले. “जुनी शीशी होती. मीच टाकली.”

मग बाई त्यांच्यावर बरसल्या. शिकलेले नसलात तरी एवढं कळत नाही का, डोळा काय परत मिळतो का, मनानं औषधं टाकता आणि मग आमच्याकडे येता. रशीदभाई खाली मान घालून ऐकत होते. एक शब्द बोलायला मला किती वेळ लागला असता? मी बोललो नाही. केसपेपरची घडी घालत राहिलो.

त्यांना भरती करून घेतलं. दर तासाला बुरशीचं औषध डोळ्यात घालायचं होतं. भाभी सतरंजी टाकून खाटेखाली राहिल्या. मी एक दिवसाआड हिवरखेडहून जायचो. पंधरा दिवस औषध चाललं, पण बुबुळाला भोक पडलंच. शस्त्रक्रिया करून बाईंनी डोळ्याची खोबण रिकामी होऊ दिली नाही, एवढंच. नजर गेली. डोळ्यात कायमचं पांढरं फूल पडलं.

घरी आणताना बसमध्ये भाभी पुढच्या बाकावर होत्या, झोप लागली होती त्यांना. मी रशीदभाईंना हळूच विचारलं, “कावून नाई सांगतलं माह्यं नाव?”

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, “सांगून डोया वापस येत होता काय? तुमी काय वैरी हा माहे? बाईनं नाव लिवून घेतलं असतं. दुकान बंद झालं असतं. गावातल्या लोकायनं कोठी जाव मंग?” 

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “झुबेदाले बी सांगू नका. तिचं तोंड मालूम हाय तुमाले. साऱ्या गावभर करन.”

मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला बरंच वाटलं होतं. त्यांनीच सांगितलंय सांगू नका म्हणून, मग मी कशाला सांगू? ही सबब मला पुढे नऊ वर्षं पुरली.

त्या दिवसापासून तो ड्रॉप मी चिठ्ठीशिवाय एकालाही दिला नाही. डोळ्याचं गिऱ्हाईक आलं की त्याला उजेडात घेऊन विचारायचो: दुखतं का? उजेड सहन होतो का? पहिल्यासारखं दिसतं का? काही लागलं, उडालं होतं का? काळ्या भागावर पांढरं दिसतं का ते स्वतः पाहायचो. यातलं एकही निघालं की सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, त्याच दिवशी. चुना, ॲसिड किंवा फवारणीचं औषध उडालं असेल तर आधी भरपूर पाणी, मग डॉक्टर. नुसती चुरचुर असेल आणि दोन दिवसांत उतरली नाही, तरी डॉक्टर. लोक चिडायचे. “डाक्टर आता भाव खाऊन राहिला” असं म्हणत नाक्यावर नव्यानं उघडलेल्या दुसऱ्या मेडिकलमध्ये जायचे. रशीदभाईंना ते कळायचं. ते आपल्या गिऱ्हाइकांना सांगायचे, “मधुभाऊ सांगते तसं करा. ते पाहून देते.” 

एका डोळ्यानं टाके घालणं जमत नाही, हे मला तेव्हा कळलं. अंतराचा अंदाज जातो. दाभण बोटात जायचं. दोरा ओवताना तो नेढ्याच्या शेजारून जायचा, परत परत. शेवटी टाक्यांचं काम भाभींनी घेतलं आणि रशीदभाई नुसते यंत्रापाशी उभे राहू लागले. गादी उलटी करून बघणारे लोक कमी झाले.

मी रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानात टेकायचो. भाभी चहा करायच्या. आणि टाके घालता घालता त्यांचं सुरू व्हायचं.

“जुनी शीशी कोन टाकते डोयात? लहान लेकरू तरी टाकन काय? सहा दुकानं सोडून मधुभाऊ बसलेले हायेत. त्यायले इचाराचं होतं ना! पन नाई. सोताच्या हातानं सोताचा डोया फोडला या मानसानं.”

रशीदभाई यंत्रातली रुई मोकळी करत म्हणायचे, “हाव ना. चुकलं माह्यं.”

मी चहा प्यायचो. सात वर्षांत हे मी किती वेळा ऐकलं असेल, मोजता येणार नाही. रशीदभाई एकदाही माझ्याकडे पाहायचे नाहीत. मला अवघड वाटू नये म्हणून पाहायचे नाहीत, हे मला समजायचं.

मग मी दुकान देऊन अमरावतीला आलो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी गावातून फोन आला, रशीदभाई गेले. हृदयविकाराचा झटका. यंत्रापाशीच खाली बसले आणि उठले नाहीत. मी मातीला पोचलो. भाभी इद्दतमध्ये बसल्या होत्या, नवरा गेल्यावर बाईनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही असा तो काळ, त्यांना भेटता येणार नव्हतं. साडेचार महिन्यांनी, इद्दत संपल्यावर, मी परत गेलो. या वेळी सांगायचं ठरवूनच गेलो होतो. मनावरचं ओझं उतरवायला गेलो होतो, असं आता वाटतं. त्यांच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी.

भाभी दुकानात गादीला टाके घालत होत्या. मला पाहून रडल्या. मग सवयीनं जुनंच बोलायला लागल्या, डोया गेला तवापासून मानूस खचला होता, त्या शीशीनं सारं केलं.

मी म्हणालो, “भाभी, ती शीशी जुनी नव्हती. ती मी देली होती. एक नाई, दोन देल्या. डॉक्टर बाईनं इचारलं तवा त्यायनं माह्यं नाव लपोलं. मी तिथीच उभा होतो.”

त्यांच्या हातातलं दाभण थांबलं. त्या मला शिव्या देतील, उठून हाकलून देतील असं मला वाटत होतं. मला तेच हवं होतं. त्यांनी दाभण गादीत खोचून ठेवलं. मग अगदी हळू, मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं अशा आवाजात म्हणाल्या,

“मी त्यायले रोज बोलली. रोज. मरायच्या दिवशी बी सकाळी बोलली. अन् ते म्हने, हाव, चुकलं माह्यं.”

मी खाली मान घातली.

“मधुभाऊ, त्यायच्या जितेपनी सांगतलं असतं तं मी त्यायची माफी तरी मांगतली असती. आता कोनाले मांगू?”

त्या उठून आत गेल्या. त्या दिवशी चहा आला नाही. मी तासभर तिथे बसलो आणि मग बस स्टँडवर आलो.

त्यानंतर दीड वर्ष मी हिवरखेडला गेलो नाही. गावातली माणसं मात्र अजून मला लाल डोळ्यांचे फोटो मोबाईलवर पाठवतात आणि खाली लिहितात, “डाक्टर, कोणता ड्रॉप टाकू?” फोटोवरून डोळा कळत नाही, डॉक्टरांना दाखवा, असं मी प्रत्येकाला लिहितो. काही जण रागावतात.

संपादकांना होकार देण्याआधी मी धीर करून भाभींना फोन लावला. म्हणालो, हे सगळं लिहावं म्हणतो, तुमची परवानगी असेल तर. तुमची नावं बदलतो. त्या म्हणाल्या,

“नाव कावून बदलता? खरं नाव लिवा त्यायचं. सारं गाव माह्या तोंडून आयकून बसलं हाय. त्यायले समजू द्या.”

म्हणून लिहितो. हिवरखेडचे गादीवाले रशीदभाई यांनी कोणतीही जुनी बाटली स्वतःच्या मनानं डोळ्यात टाकली नव्हती. ते विचारायला आले होते. दोनदा आले होते. दोन्ही वेळा बाटली मी दिली.